इमिक्विमॉड ५ टक्के क्रीम: दुसऱ्या आठवड्यात मत बनवू नका

पाचपैकी चार स्टार. हा रिव्ह्यू मी मुद्दाम उशिरा लिहितेय. क्रीम सुरू केल्याला साडेपाच महिने होत आले, शेवटची चामखीळ जाऊन तीन महिने झाले आणि परवाच डॉक्टरांकडे तपासून पण आले. सुरू करायच्या आधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले ना, त्यातले बहुतेक पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लिहिलेले होते आणि दोनच प्रकारचे होते, एक म्हणजे "काहीच फरक नाही, पैसे वाया" आणि दुसरं म्हणजे "कातडी जळली, चुकूनही घेऊ नका". दोन्ही लिहिणारे खरं बोलत होते हे मला नंतर कळलं, कारण मी स्वतः पण आधी पहिल्या अवस्थेतून आणि मग दुसऱ्या अवस्थेतून गेले. पण त्यानंतर पुढे काय होतं हे कोणी लिहिलेलंच नव्हतं. ते वाचून मी सोडून देणार होते म्हणून हे एवढं लांब लिहितेय, ज्याला गरज आहे त्याने शेवटपर्यंत वाचा.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी, ही क्रीम गुप्तांगावरच्या चामखिळींवर लावायची असते, जेनिटल वॉर्ट्स म्हणतात त्या. मला आधी दोन-तीन बारीक फोड दिसले, टाचणीच्या डोक्याएवढे, कातडीच्याच रंगाचे. दुखत नव्हते, खाजत पण नव्हते. मला वाटलं केस काढल्यामुळे आलेत. दोन महिने दुर्लक्ष केलं तोवर सहा झाले, आणि एकाचा पृष्ठभाग खडबडीत दिसायला लागला, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा. तेव्हा शोधाशोध केली आणि नाव कळल्यावर पोटात खड्डा पडला. कुणाला सांगणार? नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आणि मग मी सगळ्यात मोठी चूक केली, मेडिकलमधून हातापायाच्या चामखिळीचं सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं औषध आणलं आणि तिथे लावलं. कृपा करून असं कोणी करू नका. ते औषध तळव्याच्या जाड कातडीसाठी असतं, तिथली कातडी इतकी नाजूक असते की रात्रभर आग आग झाली, सकाळी चालता येत नव्हतं आणि चामखिळी होत्या तिथेच. जखम भरायला दहा दिवस गेले. व्हिनेगर, लसूण वगैरे उपाय सांगणारे पण खूप भेटतील, त्यांनी पण भाजतंच, त्या वाटेला पण जाऊ नका.

शेवटी स्किनच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. आत जाताना हातपाय गार पडले होते, आणि त्यांनी मोठा दिवा लावून दोन मिनिटांत बघितलं आणि सरळ आवाजात सांगितलं, हो, चामखिळीच आहेत, खूप कॉमन आहे, रोज पेशंट येतात. त्यांच्या त्या साध्या आवाजानेच माझं अर्धं ओझं उतरलं. निदान बहुतेक वेळा नुसतं बघूनच होतं, त्यासाठी वेगळी एचपीव्हीची (ज्या व्हायरसमुळे या चामखिळी येतात त्याची) टेस्ट करत नाहीत. दिसायला वेगळं असेल, रंग काळपट असेल, रक्त येत असेल किंवा उपचारांना दाद देत नसेल तरच तुकडा काढून तपासायला पाठवतात. त्यांनी एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणी मात्र करून घ्यायला सांगितली, दोघांची. सिफिलिसमध्ये पण तिथे चपटे ओलसर उंचवटे येतात आणि ते चामखिळीसारखेच वाटू शकतात, त्याचं औषध पूर्ण वेगळं. म्हणून सांगते की फोटो बघून स्वतःच ठरवून क्रीम मागवू नका, आधी एकदा दाखवा.

मी विचारायचा तो प्रश्न विचारलाच, की मॅडम हे आलं कुठून, लग्नाला सात वर्षं झालीत आणि माझं बाहेर काही नाही. त्या म्हणाल्या, "हे कुणाकडून आलं आणि कधी आलं ते मी सांगू शकत नाही, आणि दुसरं कोणीही सांगू शकणार नाही." एचपीव्ही नावाचा व्हायरस असतो, त्याचे दोनशेच्या वर प्रकार आहेत, त्यातले चाळीसेक या भागात होतात, आणि चामखिळींपैकी साधारण ९० टक्के ६ आणि ११ या दोन नंबरच्या प्रकारांमुळे येतात. कातडीला कातडी लागून पसरतो, म्हणून कंडोमने धोका कमी होतो पण पूर्ण जात नाही, कारण कंडोम सगळी कातडी झाकत नाही. आणि मुख्य म्हणजे लागण झाल्यावर चामखीळ दिसायला काही आठवडे ते काही महिने लागतात, कधीकधी वर्षं सुद्धा जातात. म्हणजे लग्नाच्या आधीचं काहीतरी त्याचं किंवा माझं इतकी वर्षं गप्प बसून आत्ता वर आलेलं असू शकतं. बहुतेक लोकांना तर लागण होऊन काहीच दिसत नाही आणि दोनेक वर्षांत शरीर स्वतःच व्हायरसला दाबून टाकतं. हे मला आधी कळलं असतं तर नाव कळल्यापासून रात्र रात्र जागून नवऱ्यावर मनातल्या मनात जे आरोप केले ते केले नसते.

आता क्रीमबद्दल. पर्याय बरेच होते. थंड नायट्रोजनने गोठवणं, विजेने जाळणं, लेझर, क्लिनिकमध्ये लावायचं अ‍ॅसिड, आणि घरी लावायच्या क्रीम. घरी लावायच्यांत पोडोफायलोटॉक्सिन म्हणून एक येतं, ते तीन दिवस सकाळ-संध्याकाळ लावायचं आणि चार दिवस सुट्टी, असे जास्तीत जास्त चार फेरे. लवकर काम करतं पण प्रेग्नन्सीत अजिबात चालत नाही, आणि आम्ही बाळाचा विचार करत होतो म्हणून मॅडमनी ते बाजूला ठेवलं. इमिक्विमॉड पण प्रेग्नन्सीत शक्यतो टाळतात, म्हणून आधी टेस्ट करून घेतली आणि कोर्स संपेपर्यंत थांबायचं ठरवलं. ज्या प्रेग्नंट आहेत त्यांनी स्वतःच्या मनाने काहीच लावू नका, त्या काळात चामखिळी वाढू शकतात पण गोठवण्यासारखे उपाय डॉक्टर करू शकतात.

इमिक्विमॉड चामखिळीला जाळत नाही आणि व्हायरसला थेट मारत पण नाही, हे समजून घेतलं की पुढचं सगळं समजतं. हा व्हायरस कातडीच्या वरच्या थरातच राहतो, रक्तात जात नाही, त्यामुळे आपल्या प्रतिकारशक्तीला त्याचा पत्ताच लागत नाही. क्रीम काय करते तर त्या जागेच्या पेशींना धोक्याची घंटा वाजवायला लावते, मग इंटरफेरॉन वगैरे, म्हणजे व्हायरसशी लढायला शरीर बनवतं ती रसायनं, तयार होतात आणि शरीराचे शिपाई तिथे गोळा होतात. म्हणजे मारामारी शरीरच करतं, क्रीम फक्त जागं करते. म्हणूनच वेळ लागतो आणि म्हणूनच मधे ती जागा लालेलाल होते.

लावायची पद्धत: आठवड्यातून तीनच रात्री, मी सोमवार-बुधवार-शुक्रवार ठरवले होते. रात्री झोपताना जागा धुवून पूर्ण कोरडी करायची, चामखिळीवर पातळ थर लावून पांढरेपणा दिसेनासा होईपर्यंत हलक्या बोटाने जिरवायचं, हात आधी आणि नंतर साबणाने धुवायचे. वर पट्टी वगैरे बांधायची नाही, सुती अंतर्वस्त्र चालतं. सहा ते दहा तासांनी सकाळी साध्या साबणाने आणि पाण्याने धुवून टाकायचं. एखादी रात्र चुकली तर पुढच्या वेळी डबल लावायचं नाही. जास्तीत जास्त सोळा आठवडे. क्रीम अंगावर असताना संबंध नको, जोडीदाराच्या कातडीला लागते, आणि या क्रीममुळे कंडोम कमजोर होतो ही गोष्ट तर बऱ्याच जणांना माहीतच नसते. आणि फक्त बाहेरच्या कातडीवर, आत नाही. पुरुषांमध्ये पुढच्या कातडीखाली लावत असाल तर रोज कातडी मागे घेऊन नीट धुणं गरजेचं आहे, नाहीतर तिथे सूज येऊन कातडी घट्ट बसू शकते.

पहिला आठवडा, काही नाही. दुसरा आठवडा, काही नाही. मी रोज आरसा घेऊन बघायचे, मोजायचे, सहाच्या सहा. इथेच मी तो "पैसे वाया" वाला रिव्ह्यू लिहिला असता. मग तिसऱ्या आठवड्यात खाज सुरू झाली आणि चामखिळींच्या भोवती लाल गोल दिसायला लागले. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या चांगलं आहे, चालू ठेवा. चौथ्या-पाचव्या आठवड्यात मात्र खरंच कठीण गेलं. कातडी सोलवटली, दोन ठिकाणी ओल्या जखमा झाल्या, लघवी करताना चरचरायचं, जीन्स घालणं बंद, ऑफिसमध्ये खुर्चीत एका बाजूला कलून बसायचे. एका शनिवारी अंग मोडून आल्यासारखं झालं, कणकण, डोकं जड, मला वाटलं व्हायरल आहे. पण ते पण क्रीमचंच, प्रतिकारशक्ती जागी झाली की काही जणांना फ्लूसारखं वाटतं. मी रडले त्या दिवशी, खोटं कशाला सांगू. पुन्हा फोन केला, त्यांनी सरळ सांगितलं थांबवा, जखमा भरू द्या, मग परत सुरू करा, थांबल्याने केलेलं वाया जात नाही. आठ दिवस थांबले, चार डोस गेले, आणि त्या आठ दिवसांत काय झालं तर दोन बारीक चामखिळी चक्क नाहीशा झाल्या. कातडी भरून आली आणि खाली सपाट! मी बोट फिरवून फिरवून बघत होते.

हे आठ दिवस थांबायचं कोणी सांगितलं नाही म्हणून लोक सोडून देतात असं माझं ठाम मत आहे. एक तर दात-ओठ खाऊन जखमेवर लावत राहतात, नाहीतर कायमची बंद करतात. मधला रस्ता आहे आणि तो डॉक्टरांना विचारून घ्यायचा. फक्त सूज इतकी आली की लघवीच होत नाहीये, तर मात्र फोनवर थांबू नका, क्रीम धुवून टाका आणि लगेच जाऊन दाखवा, तसं क्वचित होतं पण बायकांमध्ये होऊ शकतं.

परत सुरू केल्यावर त्रास पहिल्याइतका झाला नाही. सातव्या आठवड्यात अजून एक गेली, नवव्यात एक, आणि ती फ्लॉवरसारखी मोठी होती ती अकराव्या आठवड्यात. हळूहळू बुटकी होत गेली, मग एक दिवस नव्हतीच. हिशोब करणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल की ह्या पाचच झाल्या. सहावी अगदी आतल्या कडेला होती, तिथे क्रीम चालत नाही म्हणून ती मॅडमनी पहिल्याच दिवशी गोठवली होती आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. उणे १९६ डिग्रीचा लिक्विड नायट्रोजन, काही सेकंदच लावतात, डंख मारल्यासारखं होतं आणि मग अर्धा तास ठणकतं. नंतर फोड आला, खपली धरली, पडली. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या एका चामखिळीसाठी गोठवणं क्रीमपेक्षा सोपं गेलं. थोड्या असतील आणि क्लिनिकमध्ये दर एक-दोन आठवड्यांनी जायची तयारी असेल तर तो पर्याय नक्की विचारा. मला दर वेळी सुट्टी काढणं आणि पुन्हा पुन्हा टेबलवर झोपणं नको होतं म्हणून बाकीच्यांना क्रीम. आपल्याला काय झेपतं त्यावर हे ठरवायचं असतं, यातलं कुठलंच औषध सगळ्यांसाठी बेस्ट नाही.

एक स्टार का कापला ते सांगते. आतला कागद इतक्या बारीक अक्षरात आणि इतक्या अवघड भाषेत की चौथ्या आठवड्यात काय होणार आहे ते साध्या माणसाला त्यातून कळूच शकत नाही. सगळं लिहिलेलं आहे पण शंभर दुष्परिणामांच्या यादीत पुरून ठेवलेलं. दुसरं म्हणजे पाकिटं. एक पाकीट एकदाच वापरायचं, आणि त्यात २० चौरस सेंटिमीटर जागेला पुरेल एवढी क्रीम असते, मला त्याच्या दहाव्या हिश्शाची पण गरज नव्हती, उरलेली प्रत्येक वेळी फेकायची. महाग औषध असं फेकताना जीव तुटतो, पण उघडलेलं पाकीट ठेवून पुन्हा वापरू नका, आणि आहे म्हणून जास्त पण लावू नका, जास्त लावलं की फक्त जखम जास्त होते. तिसरी गोष्ट ही तक्रार नाही पण पुरुषांनी लक्षात ठेवा, ज्या चाचणीवर या क्रीमला मंजुरी मिळाली त्यात बायकांपैकी ७२ टक्के पूर्ण बऱ्या झाल्या आणि पुरुषांपैकी ३३ टक्केच, वेळ पण बायकांना साधारण आठ आठवडे आणि पुरुषांना बारा. पुरुषांची तिथली कातडी जाड आणि कोरडी असते. तेव्हा तुम्हाला उशीर लागतोय म्हणून घाबरू नका, पण सोळा आठवड्यांत नाही झालं तर दुसरा उपाय मागून घ्या. आणि एक, माझ्या दोन जागी कातडीचा रंग फिकट राहिलाय, तो तसाच राहू शकतो असं मॅडम म्हणाल्या. मला त्याचं काही वाटत नाही, पण आधी माहीत असावं.

नवऱ्याला सांगितलं ते तिसऱ्या आठवड्यात, खाज सुरू झाल्यावर, लपवणं शक्यच नव्हतं. मी सगळं एका दमात सांगितलं, कुणाकडून ते कळत नाही हे पण. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "तू दोन महिने एकटीच होतीस यात?" मला त्याच्याकडून भांडणाची अपेक्षा होती. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच घाबरला, कारण त्याला पण लिंगाच्या पुढच्या टोकाभोवती बारीक मोत्यांसारख्या फोडांची ओळ दिसली. त्याला घेऊन गेले तर मॅडम म्हणाल्या ही चामखीळ नाहीच, हे खूप पुरुषांना नैसर्गिक ठेवणीसारखं असतं, एकसारख्या ओळीत असतं, पसरत नाही, काही करायचं नाही. इतके दिवस अंगावर होतं आणि कधी बघितलंच नव्हतं त्याने. रक्ततपासण्या दोघांच्या नीट आल्या.

कॅन्सरची भीती सगळ्यांना वाटते, मला पण वाटली. ६ आणि ११ नंबर चामखिळी देतात, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचे मोठे गुन्हेगार वेगळे, १६ आणि १८, जगातले साधारण ७० टक्के त्या दोघांमुळे. म्हणजे चामखीळ आली म्हणून कॅन्सर होणार असं नाही. पण एकाच माणसात दोन-तीन प्रकार असू शकतात, त्यामुळे बायकांनी वयाप्रमाणे पॅप टेस्ट (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) किंवा एचपीव्ही टेस्ट करत राहायची, चामखीळ असो वा नसो. आणि एचपीव्हीची लस. आलेल्या चामखिळींवर लसीचा उपयोग होत नाही, हे स्पष्ट विचारून घेतलं मी. पण जे प्रकार अजून लागलेले नाहीत त्यांच्यापासून वाचवते. २००६ मध्ये आली ती चार प्रकारांवरची आणि २०१४ ची नऊ प्रकारांवरची, या दोन्हींत ६ आणि ११ आहेत, फक्त १६ आणि १८ वाली जी दोन प्रकारांची लस आहे ती चामखिळींना अडवत नाही, तेव्हा घेताना नीट विचारा. ऑस्ट्रेलियात २००७ पासून मुलींना शाळेतून लस द्यायला लागले आणि काही वर्षांतच तरुण मुलींमधल्या चामखिळी जवळजवळ दिसेनाशा झाल्या. हे वाचून मी त्याच रात्री ताईला फोन केला, भाची अकरा वर्षांची आहे, भाचा तेरा. मुलाला पण द्यायची का असं ताईने विचारलं, मी म्हटलं हो ताई, त्याला पण द्यायची. त्या फोनवरच तिला माझं सगळं सांगितलं, अर्धा तास बोललो.

परत येण्याबद्दल: क्रीम असो की लेझर, चामखिळी परत येऊ शकतात, आणि आल्या तर बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. कारण दिसणारी चामखीळ जाते, आजूबाजूच्या कातडीतला व्हायरस लगेच जातोच असं नाही. तो हळूहळू दबतो. त्या काळात मी रेझर पूर्ण बंद ठेवला, वस्तऱ्याने बारीक चिरा पडून व्हायरस आजूबाजूला पसरतो. सिगारेट ओढणाऱ्यांना मॅडम आवर्जून सोडायला सांगतात, ओढणाऱ्यांमध्ये चामखिळी लवकर जात नाहीत म्हणाल्या.

माझ्या बॉक्समध्ये बारा पाकिटं होती, असे तीन बॉक्स घेतले, एकोणतीस लागली, सात उरली. ती फेकलेली नाहीत, एक्सपायरी बघून कपाटात वरच्या खणात ठेवलीत. पण परत काही उंचवटा दिसला तर स्वतःच्या मनाने पाकीट उघडणार नाही, आधी त्या दिव्याखाली जाऊन दाखवणार, आणि यावेळी दोन महिने थांबणार नाही.